हळदीच्या मांडवाखालची टाकी

झाकण उघडलं की मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चहा मागतो. गिऱ्हाईकाचं तोंड बघण्यासारखं होतं. आला नाही तोच बसला, असा भाव. एका वहिनींनी तर नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, म्हणजे मलाही ऐकू जाईल असं, म्हटलेलं, ‘‘दुसरे कोणी मिळाले नाहीत का?’’ मी म्हटलं, वहिनी, मिळतील ना. पण ते लगेच वाकून आत बघतील, आणि मग तुम्हाला ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल. साखर कमी घाला.

मी दत्ताराम. मूळचा राजापूरकडचा, राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. सेप्टिक टँक उपसायची सक्शन गाडी घेऊन मी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत उभा जन्म फिरलो. आता गुडघे बोलायला लागले म्हणून गाडी वसंताकडे दिलीय. वसंता म्हणजे माझा जोडीदार. पाइप त्याच्या हातात आणि पंप माझ्या हातात, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. आमच्यात जेवढं बोलणं झालं त्याच्या दुप्पट आम्ही नुसत्या हाताच्या खुणांनी बोललो असू, कारण पंप चालू असला की कानात काही शिरत नाही. मुलीला स्थळं बघत होतो तेव्हा बायको सगळीकडे ‘‘हे ट्रान्सपोर्टमध्ये आहेत’’ असं सांगायची. खोटं काय त्यात? ट्रान्सपोर्टच आहे. माल काय, ते विचारू नका, एवढंच.

आता चहाचं सांगतो. टाकीत जे साचतं ते सडतं, आणि सडलं की वायू तयार होतो. एक वायू पेट घेणारा. कल्याणला एका काकांनी आत किती भरलंय ते बघायला लायटर पेटवलेला. भुवया गेल्या, काका राहिले. नशीबवान माणूस. दुसरा वायू सडक्या अंड्यासारखा वास मारतो, आणि तो जास्त हरामखोर. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं. माणसाला वाटतं वास गेला, हवा मोकळी झाली, आणि तो खाली वाकतो. पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून आमची पद्धत ठरलेली. स्लॅबच्या मधोमध उभं राहायचं नाही, कारण तो वायू आतून सिमेंट आणि सळ्या खात असतो. वरून धडधाकट दिसणारा स्लॅब आतून पापडासारखा झालेला असतो. झाकण पहारीने बाजूला सरकवायचं, छातीशी धरून उचलायचं नाही. वारा आपल्या पाठीवरून जाईल असं उभं राहायचं. दोन झाकणं असली तर दोन्ही उघडायची, म्हणजे हवा आरपार जाते. आसपास विडी, काडी, उदबत्ती काही नाही. आणि मग लांब जाऊन बसायचं. हा बसण्याचा वेळ म्हणजेच खरं काम, पण ते लोकांना दिसत नाही. मग पाइप सोडायचा, उपसायचं, आणि वरूनच बॅटरीच्या उजेडात बघायचं, मधली भिंत शाबूत आहे का, बाहेर जाणारा पाइप चोंदलाय का, स्लॅबच्या पोटातून सळ्या दिसतायत का. सगळं वरून. माणूस आत उतरवायचा नाही. कायद्याने बंदी आहेच, पण कायदा नसता तरी मी उतरवला नसता. तरी लोक विचारतातच, ‘‘एखाद्याला जरा उतरवा ना खाली, नीट साफ होईल.’’ मी म्हणतो, या, तुम्ही उतरा, मी वरून बॅटरी धरतो. विषय संपतो.

एकदाच संपला नाही. तेच सांगायला बसलोय.

मानपाड्याच्या पुढे आगरी वस्तीतलं घर. मालक हसुरामशेठ, साठीच्या आसपासचे, खांदे अजून दाराएवढे. त्यांच्या मुलीची, प्रणालीची, त्या संध्याकाळी हळद. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, लग्नाला एक वेळ माणूस चुकेल, हळदीला चुकत नाही. अख्खा गाव जेवतो, नाचतो, पहाट करतो. आणि सकाळी घरातला संडास उलटा आला. मोरीतून पाणी वर. हसुरामशेठचा धाकटा भाऊ गजानन माझ्याकडे फोनवर अक्षरशः रडला. ‘‘दादा, काय पण करा, पण या.’’

गेलो तर अंगणभर मांडव. टाकी कुठे, विचारलं, तर गजाननने स्टेजच्या बाजूला बोट दाखवलं. एक झाकण स्टेजच्या कडेला अर्धवट आत, दुसऱ्या झाकणापासून हातभर अंतरावर आचाऱ्याच्या तीन भट्ट्या धडधडतायत. त्यावर मटणाचे टोप. मांडवाला चारी बाजूंनी पडदे, वारा म्हणून नाही. वसंताने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. म्हणजे, चल, परत जाऊ.

मी म्हटलं, ‘‘शेठ, आधी भट्ट्या बंद. पडदे वर. स्टेजची ती बाजू काढा. मग झाकणाला हात लावीन.’’

‘‘हलदीच्या दिशी चूल इझवाची?’’ हसुरामशेठ एवढ्या जोरात ओरडले की ढोलकीवाला पोरगा थांबला. ‘‘डोका फिरलाय का तुजा? अपशकुन करतंस माझ्या पोरीला?’’

‘‘भट्टी चालू असताना झाकण उघडलं तर मांडवासकट सगळे वर जाऊ, शेठ. मग शकुन कोणाला विचारणार?’’

बोललो खरा, पण ते बोलणं चुकलंच. चारचौघांत, त्यांच्या दारात, मुलीच्या हळदीला. त्यांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. आता मार पडतो असंच वाटलं. तेवढ्यात ओटीवर बसलेली एक म्हातारी उठली. बारकीआजी, धवलारीण. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी आणि विधी सांगणारी बाई. तिचा शब्द भटजीपेक्षा कमी नाही. ती काठी टेकत भट्टीपाशी आली, आचाऱ्याला म्हणाली, ‘‘बंद कर रे.’’ मग हसुरामशेठकडे वळून, ‘‘चूल परत पेटते, हसुराम. मी पेटवीन माझ्या हातान. माझा धवला काय तुझ्या भट्टीवर शिजत नाय.’’

भट्ट्या विझल्या. पडदे वर गेले. बायका-पोरं शेजारच्या घरात गेली. आम्ही झाकणं सरकवली आणि मी चहा मागितला. हसुरामशेठने माझ्याकडे असं बघितलं की तो चहा मी अजून विसरलेलो नाही.

टाकी उपसली. बराच वेळ गेला, पण उपसली. मग वरून बॅटरी मारली तर मधल्या भिंतीपलीकडच्या कप्प्यात पाइपाचं तोंड गाळाने गच्च. म्हणजे बाहेर जाणारा पाइप चोंदलेला. तो आतून नाही काढायचा. घराच्या मागे त्याचा चेंबर असतो, तिथून सळ्या घालून ढोसायचा. मी गजाननला म्हटलं, ‘‘आम्ही मागे जातो. तुम्ही इथे उभे राहा. कोणी जवळ येता कामा नये, कोणी म्हणजे कोणी.’’ तो म्हणाला, ‘‘नाय येणार, दादा.’’ चांगला माणूस, पोटातून बोलणारा. पण ‘कोणी’मध्ये त्याचा थोरला भाऊ त्याने धरला नसणार. आमच्याकडे थोरला भाऊ काही सांगतो तेव्हा धाकट्याला ‘नाही’ हा शब्द आठवतच नाही.

हसुरामशेठ तरुणपणी विहिरी उपसायचे. विहीर साफ करणारे, खोदणारे त्या बाजूला पूर्वी पुष्कळ. त्यांची एक पद्धत होती, आणि ती खुळी नव्हती. विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर खाली हवा नाही, उतरायचं नाही. जळत राहिला तर काखेतून दोर बांधून उतरायचं, आणि दोराचं टोक वर धरलेला माणूस घरचाच हवा, सख्खा. या पद्धतीवर शेठ आयुष्यभर जगलेले. आम्ही मागे सळ्या ढोसत होतो तेव्हा, हे मला नंतर कळलं, त्यांनी घरातला जुना कंदील काढला, पेटवला आणि टाकीत सोडला. भडका उडाला नाही, हे निव्वळ नशीब. आम्ही हवा खेळवलेली म्हणून असेल. कंदील शांत जळत राहिला. शेठ गजाननला म्हणाले, ‘‘बघ. हवा हाय. तो ठाण्याचा शहाणा दिसभर चहा पिईल. मी हात घालून पाइप मोकला करतंय.’’ मांडववाल्याची बांबूची शिडी आत सोडली, काखेतून दोर बांधला, टोक गजाननच्या हातात दिलं आणि ते उतरले.

विहिरीत कंदील खरं बोलतो. टाकीत बोलत नाही. त्या दुसऱ्या वायूने कंदील विझत नाही, माणूस विझतो. आणि तळाला जो गाळ राहिलेला असतो त्यात पाय पडला की तो अजून सुटतो.

मला किंकाळी ऐकू आली. धावलो तेव्हा गजाननने दोर मांडवाच्या खांबाला गुंडाळला होता आणि त्याचा एक पाय शिडीवर होता. ‘‘भाई पडला! भाई पडला!’’ एवढंच तो म्हणत होता.

मी त्याला मागून धरून ओढलं. तो पडला, उठला, पुन्हा शिडीकडे. आता तुम्हीच सांगा, सख्खा भाऊ डोळ्यांसमोर खाली पडलाय, त्या माणसाला तुम्ही काय समजावणार? वायू? मी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर ओढून बाहेर फेकून दिली.

त्या मांडवात शेजारच्या घरातून धावत आलेली सगळी माणसं उभी होती. त्यांना एवढंच दिसलं की त्यांचा माणूस खाली आहे आणि या परक्याने शिडी काढून घेतली. कोणीतरी ‘‘मारला रे, मारला!’’ म्हणून ओरडलं. गजाननने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात हलला, अजून हलतो. प्रणाली दारात उभी होती, मुंडावळ्या नव्हत्या अजून, नुसती पिवळी साडी. ती ओरडली नाही. तिने फक्त तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे ठोसा काहीच नव्हता.

मी गजाननची गचांडी धरली. शिव्या घातल्या, इथे लिहिता येणार नाहीत अशा. म्हटलं, ‘‘खाली गेलास तर दोन मढी काढावी लागतील! दोर तुझ्याकडे आहे ना? दोर कशाला दिला त्याने तुला? ओढ!’’

तेव्हा कुठे त्याच्या डोळ्यांत माणूस आला. त्याने खांबाचा वेढा सोडला आणि दोर दोन्ही हातांत घेतला. मी वसंताला खूण करायला वळलो. त्याला पंप चालू करायला सांगायची गरज पडली नाही, तो केव्हाच गाडीपाशी पोचलेला. पाइप उचलून मी हसुरामशेठच्या तोंडाजवळ सोडला, म्हणजे तळाची घाण हवा पाइपातून ओढली जाईल आणि वरून चांगली हवा आत उतरेल. उपाय खात्रीचा होता असं मी म्हणणार नाही. हाताशी तेवढंच होतं. फायर ब्रिगेडला फोन कोणीतरी केला होता, पण मानपाडा रोडवर त्या वेळी रिक्षासुद्धा पुढे सरकत नाही.

पंपाचा आवाज सुरू झाला आणि त्यात सगळी माणसं मुकी झाली. गजानन ओढायला लागला. चार-पाच जण मागे लागले. हसुरामशेठ म्हणजे काय हलका माणूस? अंग ढिलं पडलेलं, आणि ढिलं अंग दुप्पट वजनाचं असतं. मी कडेला पालथा पडून, तोंडाला ओला टॉवेल बांधून, मान बाजूला वळवून फक्त हात आत सोडला होता. डोकं वर आलं, खांदे झाकणाच्या तोंडाशी आले, आणि मागच्यांच्या हातातून दोर सुटला. दोराला गाळ लागलेला, साबणासारखा. सगळे मागच्या मागे पडले. एकटा गजानन राहिला. दोर त्याच्या मुठीतून सरकत होता आणि तो मूठ सोडत नव्हता. त्याचा आवाज पंपाच्या वर आला, मी शप्पथ सांगतो, माणसाचा असा आवाज मी ऐकलेला नाही. हसुरामशेठ हातभर खाली गेले आणि तिथे थांबले. एका माणसाच्या दोन तळव्यांवर थांबले.

मग बाकीच्यांनी पुन्हा धरला. या खेपेला माझा हात त्यांच्या काखेत पोचला. वसंता माझे पाय धरून बसला आणि आम्ही त्यांना बाहेर काढलं. चेहरा काळानिळा. मी कान लावला. श्वास होता, पण इतका बारीक की तो खरंच होता, की मला हवा होता म्हणून ऐकू आला, ते सांगता येत नव्हतं. आचाऱ्याने पिण्याच्या पाण्याचं पिंप त्यांच्यावर ओतलं. मांडववाल्याच्या टेम्पोत घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं, गजानन त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.

मागे अंगणात मी, वसंता आणि तो विझलेला मांडव. मी आधी दोन्ही झाकणं लावली. ते करताना एक म्हातारा माझ्या मागे येऊन म्हणाला, ‘‘शिडी का काढलीस?’’ मी सांगायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. वसंता म्हणाला, ‘‘चल.’’ आम्ही निघालो.

हसुरामशेठ जगले. काही दिवस मशिनीवर होते, मग डोळे उघडले. हे मला बारकीआजीच्या नातवाने फोन करून सांगितलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले, तर, ‘‘कंदील इझला नव्हता.’’ नर्सला कळेना हा माणूस काय म्हणतोय. मला कळलं. साऱ्या जन्मात ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याने दगा दिला होता, आणि त्यांना ते पटत नव्हतं. त्या नातवाने आणखी एक सांगितलं, जरा अडखळत. गावात बोललं जात होतं. माझ्याबद्दल तर होतंच, ‘शिडी काढणारा’ म्हणून. पण गजाननबद्दलही. भाऊ खाली पडला आणि हा वरच राहिला, असं. नाक्यावर कोणीतरी त्याच्या तोंडावर म्हणालं. तेव्हापासून तो माणसांत बसत नव्हता.

हे ऐकल्यावर मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. वरच राहिला! अरे, वर राहणं किती अवघड असतं हे यांना काय माहीत? खाली उडी मारायला एक क्षण लागतो. वर उभं राहायला काळीज फाडून हातात घ्यावं लागतं. आणि ते मी त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेतलं होतं. जगला तो हसुराम, मरण मात्र गजाननच्या वाट्याला आलं असं मला वाटायला लागलं.

मुलाकडच्यांनी समजूतदारपणा दाखवला. हळद पुढे ढकलली होती. हसुरामशेठचा स्वतःचा फोन आला. आवाज चिरका, तोही खालच्या पट्टीत. ‘‘हलदीला ये.’’ एवढंच बोलून ठेवला. मी बायकोला म्हटलं, नको गं, तिथे मला बघून कोणाचा घास उतरणार? ती म्हणाली, ‘‘बोलावलंय ना? मग जा. चांगला शर्ट घाल. आणि वसंताला घेऊन जा, एकटा जाऊ नकोस.’’

गेलो. मांडव तोच, पण भट्ट्या या वेळी घराच्या दुसऱ्या अंगाला. आम्हाला बघून माणसं बाजूला झाली, वाट दिली. हसुरामशेठ खुर्चीत बसलेले. निम्मे झालेले, खांद्यावर शर्ट लोंबत होता. पाटावर प्रणाली. बारकीआजीने धवला धरला, हळदीचं ताट देवापुढे नेलं, देवाला लावली आणि ताट घेऊन नवरीकडे वळली.

‘‘थांब गं, आजी,’’ हसुरामशेठ म्हणाले. ‘‘गजा कुठं हाय?’’

गजानन मागे, पाण्याच्या पिंपाशी, पाणी भरत उभा होता. दोन पोरांनी त्याला पुढे आणलं. तो मान वर करीना. मुठी बंद.

‘‘हात खोल.’’

‘‘भाई, नको.’’

‘‘हात खोल, गजा.’’

थोरल्या भावाने सांगितलं. त्याने उघडले. दोन्ही तळव्यांवरची कातडी गेलेली होती, आडवे पट्टे, लालभडक, खपली धरलेली पण कामाने पुन्हा पुन्हा उकललेली. हसुरामशेठनी त्याची दोन्ही मनगटं धरली आणि ते हात वर केले, मांडवातल्या सगळ्यांना दिसतील एवढे वर. त्यांच्या अंगात तेवढी ताकद नव्हती, तरी धरून ठेवले. मग हात खाली घेतले आणि आजीला म्हणाले, ‘‘देवाच्या मागून आणि पोरीच्या आधी. लाव.’’

बारकीआजीने हळद घेतली आणि गजाननच्या तळव्यांवर हलकेच लावली. उघड्या मांसावर हळद कशी झोंबते, ज्याला लागली त्यालाच ठाऊक. गजानन लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला, आणि हसुरामशेठ त्याची मनगटं सोडत नव्हते.